करंगळीचा सूर

एडी आणि लूसी,

तुमच्या आईच्या पत्राखाली तुम्ही दोघांनी चार ओळी लिहिल्यात. मोंबासात तुम्ही गितार शिकायला जाता, आणि मास्तरांनी एक जुनी, संथ, तुमच्या मते कंटाळवाणी चीज दिली आहे; तिचं नाव साराबांद. ते नाव वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्या नावाच्या चिजा पुष्कळ आहेत, तुमची आणि माझी एकच असेल असं नाही. पण मला ज्यांनी शिकवली त्यांना पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय उरलेलं नाही. म्हणून जमेल तसं लिहून ठेवते.

आमचे मेस्त शिकवताना विद्यार्थ्याकडे पाठ करून उभे राहत. मेस्त म्हणजे चर्चमध्ये गायन शिकवणारे मास्तर. मूळचे गोव्याकडचे, पण ठाण्यात इतकी वर्षं काढली होती की बोलणं आमच्यासारखंच झालं होतं. चेंदणीला खाडीच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मला ठेंगण्या स्टुलावर बसवायचे, डाव्या पायाखाली पाट द्यायचे आणि स्वतः खिडकीशी जाऊन मिठागरांकडे तोंड करून उभे राहायचे. माझी बोटं कुठे पडताहेत हे ते कधीच बघत नसत. तरी चूक झाली की क्षणात म्हणत, "बाय, तिसरं बोट लवकर उचललंस. सूर अजून जिवंत होता."

माझे वडील कचेरीत कारकून होते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलीला एखादं वाद्य यायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पियानो परवडणारा नव्हता, म्हणून गितार. मी तेव्हा चौदा वर्षांची असेन.

तेव्हाच्या तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. खाडीला भरती आली की हवा ओली व्हायची आणि तारा उतरायच्या. मेस्त खुंट्या पिळत बसत आणि पुटपुटत, "खाडी चढली, ही उतरली. दोघींचं कधी जमलं नाही." स्वरात लागली की गितार कानाशी धरून ती पूर्ण गप्प होईपर्यंत ऐकत. मी चुळबुळ केली तर म्हणत, "थांब. अजून बोलतेय."

साराबांद म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या, युरोपातल्या दरबारी नाचाची चाल. तीन मात्रांची, फार संथ. वजन पहिल्या मात्रेवर नसतं, दुसरीवर असतं, आणि तिथेच ती माणसाला धरते. "पहिलीवर कुणीही बसतं," मेस्त म्हणत, "तू दुसरीवर बस. पण दमून बसल्यासारखी. धपकन नको." एखाद्या सुरावर थेट जायचं नाही, वरच्या सुराला टेकून मग खाली उतरायचं, हेही त्यांनीच शिकवलं. पहिल्या काही महिन्यांत मला ती चीज इतकी दुःखी वाटायची की वाजवताना डोळे भरून येत. त्यांना पाठमोरं असूनही ते कळे. "रडू नकोस, बाय. रडायचं ते तारांना रडू दे. तू कोरडी राहा, नाहीतर बोटं निसटतील."

चिजेचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. दुसऱ्या भागात चाल चढत जाते आणि सर्वांत उंच सुराशी पोचते. तो सूर करंगळीने घ्यायचा. कागदावर तो स्पष्ट लिहिलेला होता. पण मेस्तांनी मला तो कधी घेऊ दिला नाही. "तिथे करंगळी उचलून धर. खालचा सूर तसाच वाजत राहू दे, आणि पुढे जा." मला वाटलं, असाच रिवाज असेल. चाल दारापर्यंत यायची आणि उंबरा न ओलांडताच मागे वळायची.

त्यांच्या बायकोला आम्ही तिया म्हणत असू. गोव्याकडे मावशीला तसं म्हणतात. तिया जिभेने तिखट होती. "झाली का तुमची मयत?" असं स्वयंपाकघरातून ओरडायची. "हे ऐकून माझी आमटी उकळायची थांबली. लग्नातलं काहीतरी शिकवा की पोरीला." मला मात्र ती जाताना नारळाची वडी हातावर ठेवायची. त्या स्टुलाकडे बघायची नाही.

एकदा दुपारी मी वाजवत होते. आभाळ भरून आलं होतं. आतून तियाने सहज हाक मारली, "आंजेल, दोरीवरचे कपडे काढ गं, सर येतेय." मी थांबले. माझं नाव आंजेल नव्हे. मेस्त खिडकीशी होते, तसेच उभे राहिले. मग मीच उठले, मागच्या अंगणात जाऊन कपडे काढून आणले आणि तियाच्या हातात दिले. तिने ते घेतले.

त्याच सुमारास माझ्या हाताला काहीतरी होऊ लागलं. शाळेत लिहिताना डाव्या हाताने वही दाबून धरावी, तर करंगळी आपोआप वर उचललेली. भाकरी थापताना तसंच. पाणी पिताना पेल्याभोवती चारच बोटं. शाळेतल्या बाईंनी त्या करंगळीवर पट्टी मारली, तरी फरक पडला नाही. शेवटी आईच्या लक्षात आलं. तिने माझा हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ही खोड तुला कुठून लागली? अशी करंगळी मेस्तांच्या आंजेलिनची होती."

आईला वाटलं होतं मला माहीत आहे. आंजेलिन मेस्तांची एकुलती एक मुलगी. मी शिकायला जाऊ लागले त्याच्या दोन वर्षं आधी तापाने गेली, सतराव्या वर्षी. लहानपणी विळीवर फणस चिरताना तिची डावी करंगळी कापली गेली होती. जखम भरली, पण बोट कायमचं ताठ राहिलं.

"उद्यापासून जाऊ नकोस," आई म्हणाली. "कुणाच्या गेलेल्या लेकीचा हात माझ्या लेकीला नको."

तरी मी दुसऱ्या दिवशी गेले. मेस्त चर्चमध्ये होते. तिया ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी तिला सरळ विचारलं, "आंजेलिनला तो वरचा सूर घेता यायचा नाही का?"

तिचे हात थांबले नाहीत. "नाही यायचा. आणि त्याच सुरासाठी ती रोज बोलणी खायची. 'बोट लांब कर, आळशी आहेस, कागदावर लिहिलंय ते दिसत नाही का?' पोर रडायची, पण वाजवायची. आता तोच सूर ह्यांना नको झालाय." मग सुपातले खडे वेगळे करत ती म्हणाली, "पाठ करून का उभे राहतात, ठाऊक आहे? वळून बघितलं तर तू दिसशील."

मला राग आला नाही, भीती वाटली. माझ्या सुरात ते तिचंच वाजवणं ऐकत होते, माझं नाही. असंच चाललं तर माझ्या हाताला माझं म्हणून काही उरणार नाही, असं वाटलं. आणि सूर वाजवला तर मेस्तांकडे तिचं जे एवढंसं उरलं आहे तेही जाईल, हेही कळत होतं.

मेस्त आले, खिडकीशी उभे राहिले. भरतीची वेळ होती. मी पहिला भाग दोनदा वाजवला. दुसरा भाग एकदा वाजवला, त्यांना हवा तसा. मग पुन्हा त्या चढावर आले आणि करंगळी खाली ठेवली. ती ठेवायला मला जोर करावा लागला. सूर लागला. साधा, स्वच्छ सूर. खोलीत पसरला आणि चाल पहिल्यांदाच पुरी झाली.

तिया हातात पळी घेऊन दारात आली. मेस्त वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला त्या स्टुलावर बसलेलं पाहिलं. आधी चेहरा, मग हात.

"हा सूर इतका बरा लागतो," ते म्हणाले, "हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तिला बोलायचो." आणि म्हणाले, "पुन्हा वाजव."

मी वाजवलं, सुरासकट. संपल्यावर गितार गप्प होईपर्यंत त्यांनी ऐकलं. मग, गाडी सुटल्याचं सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "आता ती गेली." टोपी उचलली आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला निघून गेले.

तियाने मला वडी दिली नाही. पण स्टूल उचलून तिने स्वतः भिंतीशी लावलं.

त्यानंतर मेस्त माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसू लागले. पुष्कळ चिजा शिकवल्या, बोटांवर बारीक नजर ठेवून. साराबांदचं नाव मात्र काढलं नाही. माझी करंगळी हळूहळू बाकीच्या बोटांत येऊन बसली, आणि आईनेही मग अडवलं नाही. पुढे लग्न होऊन मी कल्याणला गेले. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी गितार माझ्या हातात दिली. "माझ्या कानांना आता भरती-ओहोटी कळत नाही," एवढंच म्हणाले.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी गितार घेऊन कल्याणहून आले. तिया जवळा निवडत बसली होती, खूप लहान दिसत होती. बसायला सांगून म्हणाली, "माझ्या पोरीची वाजव."

मी त्या चढावर करंगळी उचलून धरली. ती सोपी गोष्ट राहिली नव्हती; माझं बोट आता सुराकडे धावत होतं. तिया जवळा निवडत राहिली. संपल्यावर तिने पदराला हात पुसले.

"बरं," ती म्हणाली. "आता तुझी वाजव."

ते घर आता नाही. त्या गितारीला वाळवी लागली. माझी बोटं संधिवाताने वाकली आहेत. साराबांद आहे. तुमच्या आईला, माझ्या लेकीला, ती दोन्ही तऱ्हांनी वाजवता येते.