बिनवासाची बाटली

रसायनीतल्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला माझ्या भावाचा जोडीदार चौक गावच्या बाजारातही वस्तू आधी हुंगायचा, मग बोलायचा. केळीच्या धाग्यातून वीज वाहावी म्हणून दोघे तो धागा उग्र वासाच्या द्रावकात भिजवून त्याचा गुण बदलत. भाऊ खोकून खोकून वारला. कंपनीने विडीवर खापर फोडलं. तो सुपारीही खात नसे.

परवा जोडीदार घरी आला. नव्या, बिनविषारी द्रावकाची बाटली त्याने हौसेने माझ्या नाकाशी धरली.

"बघा ताई, वास हाय का? आता कुणाची छाती नाय भरायची."

"म्हणजे जुन्याने भरायची?"

त्याने बूच घट्ट लावलं. "मी काय बोललो नाय, ताई. मला अजून तितंच काम करायचं हाय."

मी चहा पुढे ठेवला. भाऊ कशाने गेला ते ठाऊक असून त्याने तो शेवटपर्यंत प्यायला, हे मला अजून सोसत नाही.