नीलाबाईची साक्ष

मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावात मी त्र्याऐंशी साली मास्तर म्हणून गेलो, तेव्हा तिथे ख्रिस्ती घर एकच होतं, नीलाबाईचं. मिशनच्या दवाखान्यात ती आणि तिचा नवरा सुकलू बरे झाले आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गावाने त्यांना हाकललं नाही, पण सणावाराला बोलावणं बंद केलं. सुकलू वारला तेव्हा खड्डा खणायला कोणी येईना. शेजारचा कोलू एकटा कुदळ घेऊन आला. हे ती येता-जाता सगळ्यांना सांगायची.

नीलाबाईला अक्षरओळख नव्हती. महिन्यातून एकदा सायकलवर येणाऱ्या पाळकाकडून ऐकून तिने दहा आज्ञा पाठ केल्या होत्या. मी बौद्ध घरातला, देव न मानणारा. तिला चिडवायचो, "बाई, दहातल्या पाळता किती?" ती हसायची. "जमते तेवढ्या, गुरुजी."

पुढच्या उन्हाळ्यात कोलूने चितळ मारलं. तो ते खांद्यावर टाकून आणत असताना झऱ्यावर पाणी भरणाऱ्या नीलाबाईने त्याला पाहिलं. कोणीतरी चुगली केली. जंगलखात्याचे साहेब आले, कोलूच्या घरामागे कातडं सापडलं. कोलू त्या दिवशी सासुरवाडीला होता, असं सगळं गाव एका सुरात म्हणालं. मग साहेबांनी नीलाबाईला विचारलं, "तुम्ही काही पाहिलं?"

ती कोलूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. पाह्यलं."

कोलू पावसाळाभर चंद्रपूरच्या तुरुंगात राहिला. माझा संताप झाला. "ज्याने तुमच्या नवऱ्याला माती दिली, त्यालाच आत धाडलंत? मूग गिळून बसायला काय झालं होतं?"

"इचारलं नसतं तं बोललीच नसती, गुरुजी. इचारल्यावर खोटी साक्ष कशी देऊ? देवाची आज्ञा होय." ती रडत होती. मला दया आली नाही, खरं सांगतो.

धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला. कोलूची बायको रुखमा दोन लेकरांसह एकटी. नीलाबाई न बोलावता तिच्या बांधीत, भाताच्या खाचरात, उतरली. रुखमाने चिखलाचा गोळा फेकून मारला. "निघ इथून! माह्या घराचं वाटोळं केलं!" नीलाबाई गेली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आली. रोज शिव्या, रोज ही हजर.

शेवटी रुखमाच थकली. "काऊन येतं बाई तू?"

"माहा माणूस मेला तई गावानं पाठ फिरवली, देवानं नाई फिरवली. मी तुले कशी सोडू?"

त्यानंतर दोघी बांधीच्या दोन टोकांना मुकाट रोवत राहिल्या. कोलू सुटून आला तेव्हा धान कापणीला आलं होतं. त्याने पीक पाहिलं, पण नीलाबाईशी अवाक्षर बोलला नाही. दोन वर्षं हेच चाललं.

मग त्याचं चुलतभाऊ लच्छूशी भांडण लागलं. दोघांच्या बांध्यांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, कोणाचा? निवाड्याला गाव कोलूच्या अंगणापुढे बसलं. कोलू म्हणाला, "नीलाबाईले बोलवा."

लच्छू हसला. "तिनं तं तुले जेलात धाडलं!"

"म्हणूनच. ते माह्यासाठी खोटं बोलली नाई, तुह्यासाठी बी बोलणार नाई. ते म्हणन ते मले मंजूर."

नीलाबाई आली. तिने प्रश्न ऐकला, आणि कोलूकडे बघताना तिचा चेहरा उतरला.

"धुरा लच्छूचा होय," ती म्हणाली. "माह्या माणसानं त्याच्या बापासंगं बांधला होता."

कोलूने कपाळावर हात मारला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "रुखमा, च्या ठेव. नीलाबाई आली हाये."