बायकांच्या दारावरची मावशी

"दिवे लाव मास्तर, जरा तोंडं बघू दे," असं ती खालून सांगायची.

मास्तर म्हणजे मी. थेटरात वरच्या केबिनमध्ये मशीन चालवायचो. तेव्हा आमच्याकडे एकच मशीन होतं. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत दिवे लागत. पुरुष विड्या पेटवत, कोणी बाहेर जाऊन चहा पिऊन येई. मावशी मात्र पडद्याकडे पाठ करून उभी राही आणि बायकांच्या बाकांवरून सावकाश नजर फिरवी.

नाशिकला बोलपट येऊन थोडीच वर्षं झाली होती. बायकांना बसायला वेगळी बाजू होती, मध्ये जाड पडदा आणि गल्लीच्या अंगाला वेगळं दार. त्या दारावर मावशी असे. पन्नाशीची, सुरगाण्याकडची. भाताची कामं आटोपली की नवऱ्याबरोबर मजुरीला यायची, नवरा वारल्यावर इथेच राहिली. पंचवटीत तिची एक खोली होती. मालक सोडले तर सगळ्यांना अरे-तुरे करायची. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत.

मी एकदा विचारलं, "मावशी, तू खेळ कधी बघतच नाहीस का?"

"बघते की. बायांच्या तोंडावर सगळा दिसतो. तुम्ही उगा मोठा करून दाखवता."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा पौराणिक खेळ चालू असताना तिने एका गरोदर बाईला बाकावरून उठवलं आणि टांग्यात घालून घरी धाडलं. ती बाई नको नको म्हणत होती, तिला शेवटचं युद्ध बघायचं होतं. संध्याकाळी मुलगा झाल्याचे पेढे आले. मावशी म्हणाली, "ती पडद्याकडं बघत होती, पण तिला काय दिसत नव्हतं."

मग तो चित्रपट आला.

गोष्ट साधी होती. पेढीवरचा एक कारकून. मालक त्याला वर्षानुवर्षं घालून पाडून बोलतो, चारचौघांत जोडे उचलायला लावतो. तो मान खाली घालून सगळं सोसतो. घरी येऊन एकदा भाकरी गार म्हणून ताट भिरकावतो. शेवटी एक दिवस पेढीवर उभा राहतो, हळूच म्हणतो, "आता माझी पाळी," आणि हाताला लागेल ते फोडत सुटतो.

त्या एका वाक्यावर थेटर दणाणून जाई. पुढच्या बाकांवर टांगेवाले, तांबट, विड्या वळणारे असत. ते उभे राहून टाळ्या पिटत. मागे खुर्च्यांवरचे एक वकील मला म्हणाले, "असले खेळ लावाल तर उद्या नोकरमाणसं डोक्यावर बसतील." पण तेही दोनदा येऊन गेले. खरं सांगायचं तर टाळ्या मीही वाजवत होतो, वर केबिनमध्ये एकटाच. माझ्याही डोळ्यांसमोर त्या वेळी एक-दोन माणसं येत.

पहिल्या दिवशी खेळ सुटल्यावर मावशी जिन्याशी आली. नेहमीसारखी हसली नाही.

"ताट फेकल्यावर तू दिवे लावलेस ना, तवा एक बी बाई पडद्याकडं बघत नव्हती," ती म्हणाली. "सगळ्या दाराकडं बघत होत्या."

"बाहेर जायचं असेल."

"नाय. बाहेर कोण उभं हाय ते बघत होत्या."

मी हसण्यावारी नेलं. तेव्हा ती पायरीवर बसली आणि वाकत नसलेली बोटं दुसऱ्या हाताने चोळत म्हणाली, "माझा नवरा वाईट नव्हता, मास्तर. मुकादमानं त्याला मारलं की तो मला मारायचा. मेला तवा मी रडले बी. पण संध्याकाळी कामावरून माणसं परतायला लागली की अजून मी दाराकडं बघत बसते."

दुसऱ्या रविवारी दुपारच्या खेळाला आमच्या आळीतले एक कारकून आले. सरकारी कचेरीत कामाला होते. रस्त्याने जाताना भिंतीला धरून चालत, कुत्र्यालाही वाट देत. त्यांचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. हा चित्रपट ते तिसऱ्यांदा बघत होते. आज बायकोलाही आणलं होतं, कडेवर वर्षाची मुलगी.

ताट फेकण्याचा प्रसंग झाला, रीळ संपलं, मी दिवे लावले. केबिनच्या खिडकीतून पाहिलं तर ती बाई बाकावरून उठून मावशीच्या मागे, पाण्याच्या रांजणाआड जाऊन बसली होती. मुलीचं तोंड तिने पदराने झाकलं होतं. मावशी खाली वाकून तिचं ऐकत होती. नंतर मावशीनेच मला सांगितलं, ती काय बोलली ते. "पहिल्यांदा बघून आले तेव्हापासून घरी ते तसंच बोलतात. तेच शब्द. आधी ते शब्द बोलतात, मग मारतात. मला घरी नाही जायचं."

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पुढचं रीळ चढवलं.

खेळ सुटला. मी मशीन बंद करून जिना उतरत होतो. जिना बायकांच्या दाराजवळच उतरे. बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या. कारकून गल्लीत दाराशी उभे होते. टोपी नीट, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"आमच्या मंडळींना पाठवा," ते म्हणाले.

"त्या नाय येत आज," मावशी म्हणाली. "उद्या बघू."

गल्लीतून पुढच्या बाकांवरची माणसं बाहेर पडत होती, अजून खेळाच्याच गप्पा चालू होत्या. कारकुनांनी दाराशी टेकवलेला, रात्री दार बंद करायचा लाकडी अडसर उचलला आणि अगदी हळू, पडद्यावरच्या माणसासारखंच म्हणाले, "आता माझी पाळी."

दोघे-चौघे थांबले. त्यांना वाटलं, नक्कल करतोय. एकाने टाळी वाजवली.

मी चौथ्या पायरीवर होतो. मला त्यांचे डोळे दिसत होते. नक्कल करणाऱ्याचे डोळे तसे नसतात. खाली उतरायचं एवढंच मला करायचं होतं. पाय उचलेना. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटला नाही.

मावशी उंबऱ्यावर बसली. दार भरून, मांडी घालून.

"भाऊ, कचेरीत तुला कोण बोललं?" तिने विचारलं.

"बाजूला व्हा."

"त्याचं नाव सांग. त्याच्या दारात जाऊ आपण. मी येते संगं. हे दार माझं हाय."

अडसर खाली आला. तिच्या उजव्या खांद्यावर बसला. ओल्या लाकडावर घाव पडावा तसा आवाज झाला. ती ओरडली नाही, उंबऱ्यावरून उठलीही नाही. आतून मुलीचं रडणं ऐकू आलं आणि कारकुनांच्या हातातून अडसर सुटला. ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग गल्लीतल्या मातीत बसून लहान मुलासारखे रडायला लागले. आता लोकांनी त्यांना धरलं. आता मीही चार पायऱ्या उतरलो.

ती बाई आणि मुलगी आठ दिवस पंचवटीत मावशीच्या खोलीत राहिल्या. मग त्र्यंबकहून भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला. कारकून पुन्हा भिंतीला धरून कचेरीत जाऊ लागले. समोरून आले की मीच दुसऱ्या गल्लीला वळायचो. आमच्या मालकांनी मावशीला बोलावून घेतलं. लोकांच्या संसारात पडणारी बाई दारावर नको, म्हणाले. चित्रपट आणखी दोन आठवडे चालला. मीच चालवत होतो.

हे सगळं मी घरी बायकोला सांगत होतो. अडसर कसा उचलला ते दाखवायला मी हात वर नेला. ती झटकन मागे सरकून भिंतीला टेकली. क्षणभरच. मग, "भात करपतोय" म्हणत चुलीकडे गेली.

मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा तांब्या फेकला होता. भिंतीवर, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. मी विसरून गेलो होतो.

मावशी गावी निघाली त्या दिवशी मी तिला गाठायला दिंडोरीकडे जाणाऱ्या मोटारीपाशी गेलो. वणीपर्यंत मोटार, पुढे ती चालत जाणार होती. खांदा बांधलेला होता. मी आधी पायरीवरचं सांगितलं, मग तांब्याचं.

"तू भ्यालास ते मी पाहिलं," ती म्हणाली. "मी बी भ्याले होते. बसले कशाला, तर पाय कापत होते." मग म्हणाली, "तांब्याचं बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग?"

तिला उजवा हात वर करता येईना. आधीच बसलेल्या दोन बायकांनी तिला डाव्या हाताला धरून वर ओढून घेतलं. मोटार सुटली तेव्हा ती त्यांच्याशीच काहीतरी बोलत होती.

संध्याकाळी मी बायकोशी तांब्याबद्दल बोललो. ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून तिने बाजूला टाकला.

"मला वाटलं, तुम्हाला आठवतच नाही," एवढंच म्हणाली.

मावशीच्या जागी नंतर कोणी आलं नाही. बायकांनी मागणी केली म्हणून मालकांनी त्या दाराला आतून कडी बसवून दिली. मी रीळ चढवून दिवे मालवले की खाली अंधारात कोणीतरी उठून ती कडी लावून घेई. वर केबिनमध्ये, मशीनच्या घरघरीतही, मला तो आवाज ऐकू येई.