सुपारीखालचं लॉक

माझ्या थोरल्या भावाच्या गाडीचं लॉक मी सापन नदीत विसर्जित केलं. मंत्रांसहित.

लॉक म्हणजे कुलूप नव्हे. (कुलूप असतं तर किल्ली तरी हातात उरली असती!) ते एक पोलादी कडं होतं. अंगठीपेक्षा मोठं, बांगडीपेक्षा लहान, एका जागी चिरलेलं. ते कुठे लागतं, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण तेव्हा जागेपणीसुद्धा सांगता आलं नसतं.

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या भिक्षुकी. मी अमरावतीत तीच करतो. दादानं मात्र मुंजीनंतर जो पाना हातात घेतला तो ठेवलाच नाही. परतवाड्यात त्याचं जीपचं गॅरेज. धारणीकडे सवाऱ्या नेणाऱ्या सगळ्या जीपा त्याच्या हाताखालून गेलेल्या. आणि गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली, जुन्या जीपांचे अवयव जोडून, तो वर्षानुवर्षं एक गाडी बनवत होता. लांबलचक, हडकुळी, पुढे सायकलीसारखी चाकं, मागे ट्रॅक्टरला लाजवतील अशी. ती फक्त सरळ पळणार होती.

"वळत नाही?" मी विचारलं.

"वळायचं कायले? जायचं अन् थांबायचं!"

"मग जायचंच कायले?"

"तू सत्यनारायण कायले सांगतं बे? लोकाईले गोष्ट माहीतच असते न!"

गाडी जवळजवळ तयार झाली आणि दादाच्या हातांनी संप पुकारला. आधी पाना सुटायला लागला, मग चहाचा कप, मग शर्टाचं बटण. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि औषधाचं नाव काही सांगितलं नाही. हात गेले, आता पाय जातील, मग श्वास. वहिनींनी हे मला फोनवर भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. त्या आवाजानंच मी घाबरलो.

दादाचं मागणं एकच होतं. ही गाडी एकदा पळताना पाहायची. इंजिन बसलं होतं, मागचा आस बसला होता, दोघांना जोडणारा कप्लर तेवढा राहिला होता. दादानं मला बोलावून घेतलं.

"अक्कल माह्याजवळ आहे. तू फक्त हात घेऊन ये. डोकं अमरावतीतच ठेवजो."

मी धोतर खोचून गाडीखाली शिरलो. दादा खुर्चीत. बोट उचलत नव्हतं म्हणून पायानं दिशा दाखवायचा. कप्लर म्हणजे आतून दाते पाडलेली जाड नळी. अकोल्याच्या सलीमभाईनं लेथवर करून दिलेली. मला ती समजावी म्हणून दादानं माझ्याच धंद्यातली भाषा वापरली.

"हा लग्नातला मध्यस्थ समज. अर्धा गिअरबॉक्सकडे, अर्धा आसाकडे. पुरा एकाकडे सरकला की लग्न मोडलं. म्हणून त्याले लॉक. समजलं?"

"समजलं."

"मंग दाते जुळव. अबे, तेल लाव न जरासं! जरासं! अभिषेक कायले करून राहिला!"

अर्धा डबा तेल माझ्या शेंडीतून मानेवर आल्यावर दाते जुळले. कप्लर सर्रकन आत गेला. दादाच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की मला माझ्या हातांचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. (शेवटचाही.)

"आता लॉक लाव अन् वरचं झाकण कस," दादा म्हणाला.

इथे माझ्यातला भिक्षुक जागा झाला. "झाकण लावायच्या आधी पूजा नको? लॉकवरही दोन अक्षता पडू दे. मग लावतो."

वहिनी म्हणाल्या, "करू द्या न भाऊजींले. तेवढंच येते त्याईले."

मी पाट मांडला. गॅरेजची फरशी उतरती आणि वर ऑइल सांडलेलं. गणपती म्हणून ठेवलेली सुपारी घरंगळून जॅकखाली गेली. पुन्हा ठेवली, पुन्हा गेली. देव असा पळायला लागल्यावर मी इकडेतिकडे पाहिलं, ताटातलं कडं उचललं आणि सुपारी त्यात बसवली. अशी बसली म्हणता! जणू सलीमभाईनं तिच्याच मापानं बनवलं होतं. वर कुंकू, अक्षता, जास्वंद. कडं दिसेनासं झालं.

पूजा संपली. मी निर्माल्य, सुपारी, सगळं एका फडक्यात बांधलं आणि सापनवर जाऊन सोडून आलो. लोक निर्माल्य कुठेही टाकतात. आपण तसं करत नाही! परत येऊन झाकणाचे बोल्ट घामाघूम होईपर्यंत आवळले.

"लॉक?" दादानं विचारलं.

"सगळं यथासांग झालं, दादा!"

दादा कधी कुणाच्या सांगण्यावर विश्वासला नव्हता. कारागिरानं कसलेला प्रत्येक नट तो स्वतः बोटांनी चाचपून बघायचा. त्या दिवशी त्यानं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू म्हणतं त झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ट्रॉलीवर चढवून आम्ही गावाबाहेरच्या एका लेआउटवर गेलो. तिथे रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत, 'आनंदनगर' अशी कमान आहे, फक्त घरं नाहीत. दादाला प्लास्टिकच्या खुर्चीत, शाल गुंडाळून रस्त्याच्या कडेला बसवलं. त्याची मुलगी मुक्ता हेल्मेट घालून गाडीत बसली. इंजिनीअरिंगची पोर, बापाच्या मांडीवर बसून स्टीअरिंग शिकलेली. मी मुहूर्त बघून नारळ फोडला.

इंजिन सुरू झालं. खांबांवरचे सगळे कावळे आनंदनगर सोडून गेले. मुक्तानं क्लच सोडला, गाडी हिसका देऊन दोन हात पुढे आली (दादा खुर्चीतून उठल्यासारखा झाला!) आणि थांबली. इंजिन मात्र दुप्पट ओरडायला लागलं.

"काका! चालून नाही राहिली!"

"आणखी दे! आणखी!" मी ओरडलो. मला काय कळत होतं! मुक्तानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आवाजानं माझ्या हातातली नारळाची वाटी पडली. गाडी जागची हलली नाही. मी मागून ढकलायला लागलो, धोतर चाकात जाता जाता वाचलं.

"बंद कर," दादा म्हणाला. त्याचा आवाज तेव्हाच बारीक झाला होता. वहिनींनी तो मोठ्यानं पोचवला. शांतता झाली.

"मध्यस्थ एकाकडे सरकला. लॉक कुठी लावलं होतं बे तू?"

मी आठवायला लागलो. गाडीखाली... नाही. झाकणात... नाही. मग डोळ्यासमोर जास्वंद आलं, जास्वंदीखाली सुपारी आणि सुपारीखाली...

"दादा, गणपती त्याच्यात बसला होता."

"अन् गणपती कुठी आहे?"

"सापनमध्ये."

दादा हसला. इतका हसला, की हसू खोकल्यात गेलं आणि खोकला थांबेना. मुक्ता हेल्मेटसकट धावत आली. वहिनी त्याची पाठ चोळत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्या दुपारी मी गुडघाभर पाण्यात उभा राहून नदीचा तळ चाचपला. गोटे सापडले, दुसऱ्या कुणाची तरी सुपारी सापडली. दादा काठावर जीपमध्ये बसून सांगत होता, "थोडं डावीकडे पाह्य." संध्याकाळ होत आली तसं म्हणाला, "चाल आता. सर्दी होईन तुले."

सलीमभाई बहिणीच्या आजारपणात बार्शीटाकळीला अडकले होते. ते परतले, नवं कडं केलं, स्वतः घेऊन आले. तोवर हात, पाय करत दादाचा श्वासही गेला होता. सलीमभाई कडं मुठीत धरून आमच्या दारात बसून राहिले.

गाडी पुढे पळाली. लॉक मुक्तानं बसवलं, मला फाटकाबाहेर उभं करून. पण ते फार नंतर.

अस्थी सापनमध्येच सोडायच्या, असं वहिनींनी ठरवलं. मला सुतक, म्हणून मंत्र दुसरे गुरुजी म्हणत होते. माझ्याकडे मडकं धरण्याचं काम. मडक्यावरचं लाल फडकं सोडलं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तसाच पाण्याकडे वाकलो, तोच मागून वहिनी म्हणाल्या,

"भाऊजी, थांबा! आधी आतमंदी पाहून घ्या. गाडीचं काही नाही न?"