खोट काढणारा दत्ता

दत्ताच्या नंबरवरून फोन आला म्हणून मी सवयीने "बोल रं" म्हणालो. पलीकडे त्याची बायको, सुमनवहिनी होत्या. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी भांडी हलवत होतं, कोंबडा आरवत होता... मी नेरळच्या घरात खुर्चीवर बसून ते ऐकत राहिलो. तो जाणार हे ठाऊक होतं, त्यानेही ते कुणापासून लपवलं नव्हतं. पण ठाऊक असल्याचा त्या सकाळी काही उपयोग झाला नाही.

दत्ता कळंबचा. कुंभिवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही वर्षानुवर्षं एका बाकावर डबा खाल्ला, आणि घोड्यांच्या रेसचं वेड आम्हाला तिथेच एकमेकांमुळे लागलं. खिशाला झेपेल तेवढंच लावायचो आणि बहुतेक वेळा हरून, वडापाव खाऊन परत यायचो. हिवाळ्यात मुंबईच्या शर्यती, पावसाळ्यात पुण्याच्या, आणि आम्ही राहणार दोन्हींच्या मध्ये. त्यामुळे "इथं जवळच तर जातोय" हे घरी सांगायचं कारण बारा महिने चालायचं. खरी ओढ होती ती रेस सुटण्याआधीच्या वेळेची, घोडे रिंगणात फिरवून दाखवतात त्या वेळेची. तिथे कुंपणाला टेकून आमचं कामकाज चालायचं.

आमची एक पद्धत होती. एकाने घोड्याच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने त्याच्या विरुद्ध. बाजूने मी आणि विरुद्ध दत्ता, ही वाटणी आमच्या स्वभावानेच करून टाकली होती. मी म्हणायचो, अंगावरची चकाकी बघ, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापेक्षा कसा पुढे पडतोय, मागच्या खेपेला शेवटच्या वळणावरून कसा सुटला होता. दत्ता सगळं ऐकून घ्यायचा, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि सुरू व्हायचा. "सगळं खरं. पण आज पाठीवर वजन किती दिलंय बघ. पल्ला लांब हाय. मैदान वलं हाय. आणि मानेला घाम सुटलाय तो बघ, हा इथंच दमलाय रं." रेसमध्ये चांगल्या घोड्याला मुद्दाम जास्त वजन देतात, म्हणजे उरलेल्यांनाही संधी मिळावी. हा न्याय दत्ताला फार पसंत होता. दोन्ही बाजू बोलून झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, हा नियम त्याने कधी मोडू दिला नाही.

पुण्याला एकदा एक करडा घोडा बघून मी खुळावलोच. दत्ताने शांतपणे त्याचा पुढचा डावा पाय दाखवला, जरा आखडून पडत होता. मला पटलं, आम्ही तो घोडा सोडला. आणि तो असा जिंकला, की मागे दुसरा घोडा दिसत नव्हता. परतीच्या एसटीत मी खंडाळ्यापर्यंत दत्ताशी बोललो नाही. तोच म्हणाला, "पाय आखडत होता का नाय?" मी म्हटलं, होता. "मग मी काय चुकीचं बोललो? खोट हाय ती हाय. पळायचं का नाय ते घोडा ठरवतो." मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता.

पुढे गुडघे बोलायला लागले तसे आम्ही त्याच्या कळंबच्या ओटीवर, फोन तांब्याला टेकवून रेस बघू लागलो. "माणसांची एवढी चौकशी केली असती तर गावातली चार लग्नं जमवली असती तुमी," असं म्हणत वहिनी चहा आणून ठेवायच्या.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, मोठं ऑपरेशन करता येईल, पण खात्री देत नाही. न केलं तर हाती फार दिवस नाहीत. वहिनींचं ठरलं होतं, करायचंच. पनवेलच्या दवाखान्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "भावजी, ते तुमचं ऐकतात. त्यांना हो म्हणा."

मी हो म्हणायलाच आत गेलो होतो. दत्ता उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "शरद, आज उलटं. मी माझ्या बाजूनं बोलतो. तू खोट काढ." आणि तो खरंच बोलला. अजून दोन भाकऱ्या जातात, सकाळी शेताच्या बांधावर फेरी होते, जन्मात कधी अंथरूण धरलं नाय. मग माझ्याकडे बघत थांबला. इतक्या वर्षांत त्याने मला बरं वाटावं म्हणून एकही घोडा चांगला म्हटला नव्हता. मला गोड बोलता येईना. मी त्याची साखर काढली, थकलेली मूत्रपिंडं काढली, जिन्यावर लागणारा दम काढला. ऑपरेशन पार पडलं तरी पुढचा पल्ला लांब आहे, म्हटलं. बोलताना मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं बोललास. मग नको पळवू मला. घरी ने."

तो घरी आला, भात कापून घरात आलेला बघितला, आणि गेला. दहाव्याला वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमी तरी हो म्हणायचं होतं." त्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं.

गेल्या रविवारी कळंबला गेलो. सवयीने ओटीवर फोन तांब्याला टेकवून रेस लावली. वहिनी चहा ठेवून परत आत गेल्या नाहीत, पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांना काय काय सांगितलंत ते मला सांगा. काय वगळू नका." मी सगळं सांगितलं, त्याच क्रमाने. त्याने स्वतःच्या बाजूने काय सांगितलं तेही सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "साखर धरलीत, दम धरलात, भाकऱ्यासुद्धा मोजल्यात... मी होते की घरात. ते कुठं धरलंत?"

मी धरलं नव्हतं, आणि त्यानेही नाही. विसरला असेल? की ऑपरेशननंतरची वहिनींची रात्ररात्र जागरणं डोळ्यांपुढे आली म्हणून त्याने त्यांचं नावच काढलं नाही? हे दुसरं मी त्यांना बोलून दाखवलं. मला तेच खरं वाटत होतं, आणि तेच खरं असावं असंही वाटत होतं.

वहिनींनी फोनकडे बघितलं. त्यावर घोडे रिंगणात फिरत होते. मग म्हणाल्या, "तुमी त्यांच्या बाजूनं बोललात, भावजी. आता उलट बोलायला कोण हाय?"