अनस्किल्ड लेबर
मानपाड्याला केमिकलचा उग्र वास आला की मला बीएमएसला मॅनेजमेंट शिकताना दुसऱ्या वर्षी झालेली कारखान्याची भेट आठवते. रंगाची पावडर डब्यांत भरणाऱ्या बायकांसमोरच मॅनेजर आम्हाला म्हणाले, "ही सगळी अनस्किल्ड लेबर. उद्या काढली तरी परवा दुसरी मिळते." त्या बायकांत आमच्या शेजारच्या काकू होत्या, कोपरापर्यंत निळ्या झालेल्या. मला बघून त्या हसल्या. "ओळखतोस काय रे?" मित्राने विचारलं. "नाही रे," म्हणत मी मॅनेजरचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. संध्याकाळी काकू दारात आल्या. म्हणाल्या, "तुझे सर ओरडतील म्हणून हाक नाही मारली हो बाळा." तरीही ते वाक्य मी रिपोर्टमध्ये जसंच्या तसं घातलं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. आजही मला स्वतःची शिसारी येते.