साडूभाऊंची उगवण चाचणी

आमच्या साडूभाऊंनी आजवर एकही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घेतलेली नाही, आणि परभणीत हे ठाऊक नसलेला दुकानदार आता उरलेला नाही. माठ घ्यायचा तर त्यात पाणी भरून दुकानातच बसणार, छत्री घ्यायची तर आधी शेजारच्या नळाखाली धरणार. पेडगावच्या शेतात पेरायचं बी ते ओल्या पोत्यात गुंडाळतात आणि मोड मोजल्याशिवाय पेरणीचं नाव काढत नाहीत. लांबून मला या सगळ्याची मोठी गंमत वाटे. पण गेल्या वर्षी त्यांनी वाय-फायचा राऊटर घ्यायचं मनावर घेतलं, मला गाडीवर मागं बसवलं, आणि माझी गंमत तिथंच संपली.

कारण मात्र चेष्टेचं नव्हतं. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पुण्याच्या लेकीशी त्या व्हिडिओ कॉलवर हातवारे करून बोलतात. चित्र अडकलं की अक्कांचं वाक्यच अडकतं. हात हवेत राहतो आणि लेक तिकडून “काय म्हणालीस, आई?” असं विचारत बसते. त्यातून अक्कांना बोलायला स्वयंपाकघरच लागतं आणि तिथल्या जाड भिंतीपुढं जुन्या राऊटरनं केव्हाच हात टेकले होते.

“तीन-चार द्या,” साडूभाऊ दुकानदाराला म्हणाले, “घरी लावून बघतो, पसंत पडंल ते ठिवतो.”

“काका, ह्या काय साड्या हायत का?”

“साडी नुसती नेसायची आसती. ह्याच्यावर आमच्या घरचं बोलणं चालणार हाय.” एवढं बोलून त्यांनी खुर्ची ओढली आणि जेवणाची वेळ टळली तरी उठले नाहीत. शेवटी दुकानदारानंच हात जोडून खोकी बांधून दिली. मग घरी मी स्टुलावर उभा राहून एकेक राऊटर कधी माळ्यापाशी, कधी फडताळावर धरायचा आणि आत अक्कांनी लेकीला धपाटे कसे थापायचे ते दाखवायचं, असा कार्यक्रम चालला. माझे खांदे भरून आले, पण साडूभाऊंना दया म्हणून येईना. ज्या राऊटरवर थापणारा हात एकदाही थांबला नाही, तोच घरात राहिला.

एवढ्यावर भागलं असतं तर ते साडूभाऊ कसले! आवाज जाण्याआधी अक्का लेकीला फोनवर लांबलचक निरोप बोलून पाठवायच्या. जुना फोन बिघडायच्या आत लेकीनं ते सगळे साडूभाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये घालून दिले होते. अक्कांचा आवाज आता तेवढाच. कॉम्प्युटर बसला तर काय, या काळजीनं साडूभाऊंनी दोन हार्ड डिस्क भरल्या. एक स्वतःच्या कपाटात ठेवली आणि दुसरी राणीसावरगावला बहिणीकडं पाठवली, कारण त्यांच्या घराण्यात सगळं बी एका घरात कधी ठेवत नाहीत. “लय जपून ठिव, बियासारखी,” असं बहिणीला बजावलंही.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी बहिणीला डिस्क घेऊन बोलावलं आणि मी बघत असतानाच कॉम्प्युटरमधले सगळे निरोप पुसून टाकले.

“अहो भाऊ, काय करताय हे!” मी ओरडलो.

“चाचणी घ्यायलोय. हितलं हितंच आसताना डिस्कमधलं उगवलं का न्हाई, कसं कळंल?”

राणीसावरगावची डिस्क लावली. ती उघडेना. वायर बदलली, तरी उघडेना.

“आसं कसं व्हईल, दादा?” बहीण रडवेली झाली. “जिवापाड जपली की! तुरीच्या बियात ठिवली, कडूलिंबाचा पाला घातला. किडा लागू नये म्हणून बियासंगं पत्र्यावर चांगलं कडक ऊनबी दाखवलं.”

परभणीच्या मे महिन्यातलं ऊन! साडूभाऊंचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच कीवही येत होती. ते बहिणीला एका शब्दानं बोलले नाहीत. उठून कपाटातली डिस्क आणली. ती कॉम्प्युटरला लावली. अक्का त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

डिस्क उघडली. त्यांनी हाताला लागला तो निरोप लावला. अक्का लेकीला लोणच्यातल्या मोहरीबद्दल सांगत होत्या, आणि मधेच आवाज चढला, “थांब गं जरा. आवं, ऐकायलाव का? दूध उतू जायलंय!”

“आलो, आलो,” म्हणत साडूभाऊ उठले आणि स्वयंपाकघराकडं निघाले.

अक्कांनी बाही धरून त्यांना खाली बसवलं. माझे डोळे भरून आले. अक्का मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग त्यांनीच बोटानं खूण केली, पुन्हा लावा. साडूभाऊंनी पुन्हा लावलं, आणि दुधापाशी आल्यावर ते पुन्हा अर्धे उठले.